विमानांच्या कारखान्यातली मोटार : व्हाझँ कंपनीचा इतिहास

आव्हियों व्हाझँ ही फ्रान्समधली एक लहान मोटार कंपनी. पॅरिसच्या वेशीवर ईसी-ले-मूलिनो या उपनगरात तिचा कारखाना होता. १९१९ मध्ये तिची पहिली मोटार तयार झाली आणि दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा तिचे मोटार बनवणे जवळपास थांबले होते. जेमतेम वीस वर्षांचे हे आयुष्य. मोटार हलकी असावी, तिने वारा सहज कापावा, तिचे वजन चाकांवर नीट वाटले जावे, आतल्या माणसाला ऐसपैस बसता यावे आणि चौफेर दिसावे, या गोष्टी आज कोणालाही साध्या वाटतात. व्हाझँ कंपनीने शंभर वर्षांपूर्वी त्यांचा ध्यास घेतला, तेव्हा बहुतेक श्रीमंती मोटारी म्हणजे इंजिन जोडलेल्या जडशीळ बग्ग्याच होत्या.

‘आव्हियों’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ विमाने. मोटारी बनवणाऱ्या कंपनीने हे नाव अखेरपर्यंत का सांभाळले, हे तिच्या संस्थापकाच्या पूर्वायुष्यात दडलेले आहे.

पतंग, ग्लायडर आणि विमान

गाब्रिएल व्हाझँ यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८८० रोजी सोन नदीकाठच्या बेलव्हील या गावी झाला. धाकटा भाऊ शार्ल दोन वर्षांनी लहान. वडील घर सोडून गेल्यामुळे दोघे भाऊ आजोबांच्या कडक शिस्तीत वाढले. पतंग, होड्या, वाफेची यंत्रे असे काहीबाही घरीच बनवण्याचा नाद त्यांना लहानपणीच लागला. गाब्रिएल यांनी लिऑनच्या कलाशाळेत वास्तुरचनेचे शिक्षण घेतले आणि १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनाच्या कामावर ते आरेखक म्हणून लागले. त्या प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या संशोधकाचे वटवाघळासारखे पंख असलेले यंत्र मांडले होते. ‘आव्हियों’ हा शब्दही आदेर यांनीच घडवलेला. त्या यंत्राने वीस वर्षांच्या गाब्रिएल यांना विमानविद्येकडे ओढले.

१९०४ मध्ये एर्नेस्त आर्शदेकॉं या धनिक विमानप्रेमीने त्यांना ग्लायडरचे प्रयोग करण्यासाठी नेमले. ८ जून १९०५ रोजी सेन नदीवर मोटारबोटीने ओढलेल्या, तरंगणाऱ्या ग्लायडरमधून व्हाझँ हवेत उठले. पुढे काही काळ त्यांनी लुई ब्लेरियो यांच्याशी भागीदारी केली. १९०६ मध्ये ती मोडल्यावर गाब्रिएल आणि शार्ल या भावांनी बियांकूर येथे स्वतःचा कारखाना उघडला. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे विमाने बांधून विकणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते.

१३ जानेवारी १९०८ रोजी आंरी फार्मां यांनी व्हाझँ बंधूंनी बांधलेल्या विमानातून ईसीच्या मैदानावर एक किलोमीटरचा फेरा मारला आणि ते निघाल्या जागी परत आले. त्यांना १ मिनिट २८ सेकंद लागले. अमेरिकेत राइट बंधूंनी त्याआधीच याहून लांब उड्डाणे केली होती, पण युरोपात पंचांसमोर झालेले असे हे पहिलेच उड्डाण होते. फार्मां यांना ५०,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले आणि व्हाझँ बंधूंकडे मागण्या येऊ लागल्या. रेमाँद द लारोश यांनी व्हाझँच्याच विमानावर उड्डाण शिकून ८ मार्च १९१० रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. असा परवाना मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री.

सप्टेंबर १९१२ मध्ये शार्ल यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. या भावाची आठवण गाब्रिएल यांनी पुढे आपल्या मोटारींच्या नावांत जपली. त्यांच्या बहुतेक गाड्यांच्या क्रमांकाआधी येणारे ‘सी’ हे शार्ल या नावाचे फ्रेंच स्पेलिंगमधले पहिले अक्षर आहे.

पहिल्या महायुद्धात व्हाझँ विमानांना मोठी मागणी आली. त्यांचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असल्यामुळे ती उघड्या मैदानावर, पावसापाण्यात टिकत. ५ ऑक्टोबर १९१४ रोजी झोझेफ फ्रांत्झ आणि लुई केनो या जोडीने व्हाझँ विमानातून एक जर्मन विमान पाडले. युद्धात एका विमानाने दुसरे विमान गोळीबाराने पाडल्याची ही पहिली नोंद. बाँब टाकण्यासाठीही हीच विमाने वापरली गेली. युद्ध संपले तेव्हा सरकारी मागणी एकदम आटली. आपल्या यंत्रांनी माणसे मारली याचा सलही गाब्रिएल यांच्या मनात होता. त्यांनी विमाने बनवणे थांबवले.

मोटारीकडे वळण

हाताशी मोठा कारखाना होता आणि पत्रा, लाकूड, नळ्या यांचे बारीक काम करणारे कसबी कामगार होते. त्यांना काम हवे होते. व्हाझँ यांनी आधी कारखान्यात तयार करून जागेवर उभारायची घरे बनवून पाहिली. ट्रकवरून नेऊन तीन दिवसांत उभे राहणारे घर, अशी ती कल्पना होती. पण कंपनी शेवटी स्थिरावली ती मोटारीवर.

पहिल्या मोटारीचा आराखडा मात्र व्हाझँ यांचा नव्हता. एर्नेस्त आर्तो आणि लुई द्युफ्रेन या दोन अभियंत्यांनी तो आंद्रे सिट्रोएन यांच्यासाठी तयार केला होता. सिट्रोएन यांना युद्धानंतर स्वस्त, साधी आणि हजारोंनी खपणारी गाडी काढायची होती. त्यामुळे हा उंची आराखडा त्यांनी बाजूला ठेवला आणि व्हाझँ यांनी तो घेतला. त्यातून चार सिलिंडर आणि सुमारे चार लिटरचे इंजिन असलेली ‘सी-१’ ही गाडी आली. शांत चालणारी आणि चढ सहज घेणारी ही गाडी पॅरिसच्या श्रीमंत वस्त्यांत लवकरच ओळखीची झाली.

आवाज न करणारे इंजिन

व्हाझँ मोटारीची मुख्य खूण तिचे इंजिन. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात सिलिंडरच्या डोक्यावर छोट्या छत्रीच्या आकाराच्या झडपा असतात. त्या उघडल्या की इंधन-हवेचे मिश्रण आत येते किंवा जळलेला वायू बाहेर जातो. स्प्रिंगने त्या मिटतात आणि प्रत्येक वेळी धातूवर धातू आपटतो. त्या काळच्या इंजिनांत ही टकटक चांगलीच ऐकू येई. स्प्रिंगा तुटत आणि झडपा वरचेवर घासून बसवाव्या लागत.

अमेरिकेतले चार्ल्स नाइट यांनी यावर वेगळा उपाय शोधला होता. दट्ट्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये एकात एक बसणाऱ्या दोन पातळ नळ्या घालायच्या. नळ्यांना फटी पाडलेल्या असतात. नळ्या तेलात वरखाली सरकतात. फटी समोरासमोर आल्या की वाट उघडते आणि पुढेमागे झाल्या की बंद होते. आपटणारा भागच नसल्यामुळे आवाज होत नाही. अशा इंजिनाला ‘स्लीव्ह व्हॉल्व्ह’ इंजिन म्हणतात. बेल्जियमच्या मिनर्व्हा आणि इंग्लंडच्या डेमलर कंपनीनेही ते वापरले होते. व्हाझँ यांनी सरकणाऱ्या भागांचे वजन कमी करून आणि बारकाईने जुळणी करून त्यातून अधिक वेग आणि अधिक शक्ती काढली.

या इंजिनाला दोष होता. नळ्यांना सतत तेल लागे. त्यातले थोडे तेल जळत राही आणि गाडीमागे निळसर धुराची रेघ उठे. जुळणीला हातही तरबेज लागत, म्हणून गाडी महाग पडे. तरीही मोटारीत बसलेल्या माणसाला इंजिनाची जाणीव होऊ नये, हे मत व्हाझँ यांनी सोडले नाही. बहुतेक कंपन्यांनी स्लीव्ह व्हॉल्व्हचा नाद सोडल्यावरही ते त्याला चिकटून राहिले.

वजनाचा हिशेब

विमान बांधणाऱ्याला प्रत्येक किलोचा हिशेब ठेवावा लागतो. व्हाझँ यांनी हाच हिशेब मोटारीला लावला. गाडीची बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आणि हलक्या सांगाड्याची करून घेतली. वजन घटले की लहान इंजिनही पुरते, ब्रेक लवकर लागतो आणि टायर कमी झिजतात.

वजन किती आहे याइतकेच ते कुठे आहे यालाही महत्त्व असते. बैलगाडीचे ओझे मागे सरले की गाडी उलाळ होते, पुढे सरले की जू बैलांच्या खांद्यावर दाबते. मोटारीचेही तसेच. तिच्यात जड भाग खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये हवेत, तरच ती वळणावर स्थिर राहते. म्हणून व्हाझँच्या गाड्यांत सामानाच्या पेट्या गाडीमागे न लोंबता दोन्ही बाजूंना पायफळीवर बसवलेल्या दिसतात. या सगळ्या गाड्यांमागे हा एकच हिशेब आहे.

बॉडी बनवण्याचे काम त्या काळी श्रीमंत गिऱ्हाईक बाहेरच्या कारागिराकडे देई. तो कारागीर वळणदार मडगार्ड, क्रोमच्या पट्ट्या, लांबलचक नाक अशी सजावट करी. व्हाझँ यांना हे वजनदार नटणे मान्य नव्हते. त्यांनी वास्तुविशारद नोएल-तेलमॉं यांच्या साथीने कारखान्यातच बॉडी घडवायला घेतली. त्यातल्या एका नमुन्याचे नाव होते ‘ल्युमिनेझ’, म्हणजे उजेडाची. खिडक्या मोठ्या, खांब बारीक, छत पातळ आणि रेषा सरळ. आतली बैठक मात्र रंगीत असे. चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळे यांच्या ठसठशीत नक्षीचे कापड बैठकीवर आणि दारांच्या आतल्या बाजूला लावलेले असे.

ही नक्षी ज्या शैलीतली, ती ‘आर्ट डेको’ मराठी वाचकाला नवी नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींच्या गोलसर सज्ज्यांत, इरॉस आणि रीगल चित्रपटगृहांत तीच शैली आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला आणि त्यासाठी पॅरिसच्या कलाकारांकडून सामान मागवले. तेही याच आधुनिक अभिरुचीचे.

गाडीच्या नाकावर बसवलेला पंख पसरलेला पक्षीही ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या तुकड्यांचा होता. चांदीची परी किंवा ओतीव पुतळी न ठेवता कारखान्यातल्याच पत्र्याचा पक्षी करण्यात कंपनीचे सगळे धोरण दिसते.

शर्यतीचे मैदान आणि प्रयोगशाळा

१९२२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे प्रवासी मोटारींची मोठी शर्यत झाली. ठरलेल्या इंधनातच अंतर कापायचे, अशी तिची अट होती. हलक्या आणि वारा कापणाऱ्या गाडीला ही अट फायद्याची ठरली. व्हाझँच्या गाड्यांनी पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा क्रमांक पटकावला. पहिले आले आंरी रूजिए, जे पूर्वी व्हाझँची विमानेही उडवत.

पुढच्या वर्षी तूर येथील ग्रां प्री शर्यतीसाठी कंपनीने ‘सी-६’ ही गाडी बांधली आणि तिला ‘लाबोरातुआर’ म्हणजे प्रयोगशाळा हे नाव दिले. नाव सार्थ होते. इतर मोटारींत खाली जड चौकट आणि वर बॉडी असे दोन वेगळे भाग असत. या गाडीत लाकूड आणि ॲल्युमिनियमची बॉडी स्वतःच भार पेलत होती, जसे विमानाचे धड पेलते. आकार पुढे रुंद आणि मागे निमुळता होता. मागच्या चाकांमधले अंतर पुढच्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याच्या आसपास होते. रेडिएटरच्या पुढे एक छोटा पंखा होता. वाऱ्याने तो फिरे आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप चालवी, म्हणजे तेवढी इंजिनाची शक्ती वाचे.

इंजिन मात्र कमी ताकदीचे होते. शर्यत इंग्लंडच्या सनबीम गाडीवर हेन्री सीग्रेव्ह यांनी जिंकली. व्हाझँच्या चार गाड्यांपैकी एकच शेवटपर्यंत पोहोचली आणि ती पाचवी आली. ती चालवत होते कंपनीचे तरुण अभियंते आंद्रे लफेव्हर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. निकाल साधारण असला तरी भार पेलणाऱ्या बॉडीची ही गाडी आज मोटारशास्त्राच्या इतिहासात विजेत्या गाडीइतक्याच आदराने अभ्यासली जाते.

गिऱ्हाईक आणि एक नगररचना

१९२० चे दशक कंपनीच्या भरभराटीचे होते. चित्रपट अभिनेता रुडॉल्फ व्हॅलेंटिनो आणि नर्तकी जोसेफिन बेकर यांच्याकडे व्हाझँ गाड्या होत्या. पुढे चंदीगड शहराची रचना करणारे वास्तुविशारद ल कोर्ब्युझिए यांच्याकडेही होती. आपल्या नव्या घरांची छायाचित्रे घेताना ते आपली व्हाझँ समोर उभी करत. घर आणि मोटार एकाच विचाराचे आहेत, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते.

१९२५ मध्ये ल कोर्ब्युझिए यांनी पॅरिसचा मध्यभाग पाडून तिथे साठ-साठ मजली मनोरे, बागा आणि रुंद मोटाररस्ते उभारण्याची योजना मांडली. तिच्या प्रदर्शनासाठी त्यांनी मोटार कंपन्यांकडे मदत मागितली होती. व्हाझँ कंपनीने ती दिली, म्हणून त्या योजनेला ‘प्लां व्हाझँ’ असे नाव पडले. योजना कधीच अमलात आली नाही आणि पॅरिस वाचले असे मानणारे पुष्कळ आहेत. तरी नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव आजही शिकावे लागते.

मंदी आणि शेवटच्या गाड्या

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने उंची मोटारींचे गिऱ्हाईक आटवले. शेजारचे सिट्रोएन आणि रेनो हजारोंनी गाड्या काढून किंमत उतरवू शकत होते. प्रत्येक गाडीवर हाताने काम करणाऱ्या व्हाझँना ते शक्य नव्हते. त्यातच गाब्रिएल यांना नव्या कल्पनेपुढे जमाखर्च सुचत नसे. दर थोड्या काळाने नवे इंजिन, नवी चौकट, नवी बॉडी. एक नमुना पुरेसा विकून त्याचा खर्च वसूल होण्याआधी दुसरा सुरू होई. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचा ताबा त्यांच्या हातून गेला, मग परत आला आणि १९३७ च्या सुमारास कायमचा गेला.

नेमक्या याच हलाखीच्या काळात कंपनीच्या सर्वांत धाडसी गाड्या झाल्या. ‘सी-२५ एरोडिन’ या गाडीचे छत मागच्या बाजूच्या उताराबरोबर वळत जाई आणि इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणाऱ्या छोट्या मोटरने मागे सरके. छताला गोल खिडक्या होत्या, त्यामुळे छत मागे सरकले तरी त्यांतून बाहेरचे दिसे. ‘सी-२८ एरोस्पोर’ या गाडीत वेगळी मडगार्ड राहिलीच नाहीत. बॉडीची बाजू पुढून मागे एकसलग होती. युद्धानंतर सगळ्या जगाच्या मोटारींनी हेच रूप घेतले. एका प्रयोगात तर बारा सिलिंडर एका ओळीत बसवले. इंजिन इतके लांब झाले की त्याचे शेवटचे दोन सिलिंडर बैठकीच्या भागात आले.

अखेरच्या गाडीत अमेरिकन ग्रॅहम कंपनीचे साधे झडपांचे इंजिन बसवावे लागले. कारखाना विमानांची इंजिने बनवणाऱ्या नोम-ए-रोन कंपनीकडे गेला. १९४५ मध्ये ती कंपनी सरकारने ताब्यात घेतली आणि तिची ‘स्नेक्मा’ झाली. विमानांच्या कामापासून सुरू झालेला कारखाना अशा रीतीने विमानांच्या कामाकडेच परतला.

गरिबांची गाडी

युद्धानंतर फ्रान्समध्ये पेट्रोल, पोलाद आणि पैसा या तिन्हींची टंचाई होती. सत्तरीला टेकलेल्या व्हाझँ यांनी १९५० च्या सुमारास एक अगदी छोटी गाडी तयार केली. दोन माणसे, ॲल्युमिनियमचा पत्रा, मोटारसायकलचे १२५ सीसी इंजिन आणि पुढच्या चाकांना शक्ती. दोन स्कूटर मिळून एक, अशा अर्थाने तिचे नाव ‘बिस्कूटर’. फ्रान्समध्ये तिला कारखानदार मिळाला नाही. तिचे हक्क बार्सिलोनाच्या ऑटोनासिओनाल कंपनीने घेतले आणि १९५३ पासून ती स्पेनमध्ये बनू लागली. पहिल्या गाड्यांना दारे नव्हती, मागे जाण्याचा गिअरही नव्हता. लोक प्रेमाने तिला चप्पल म्हणत. सुमारे बारा हजार बिस्कूटर विकल्या गेल्या. राजेरजवाड्यांच्या मोलाच्या गाड्या बनवणाऱ्या माणसाची ही गाडी शिक्षक, दुकानदार आणि कारकून चालवत होते.

त्याच सुमारास महाराष्ट्रात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी सामान्य माणसाला परवडेल अशी ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतःच्या बळावर घडवत होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पहिली गाडी करून पुढची अनेक वर्षे त्यांनी तिच्यात सुधारणा केल्या. परवाने आणि करांच्या जंजाळातून वाट काढून ती मोठ्या प्रमाणावर बाजारात मात्र येऊ शकली नाही. लहान कारखानदाराची कल्पना आणि बाजार यांच्यामधले अंतर फ्रान्समध्ये होते तसेच इथेही होते.

कंपनीमागे उरलेले

आंद्रे लफेव्हर १९३१ मध्ये व्हाझँ सोडून गेले आणि १९३३ मध्ये सिट्रोएनमध्ये रुजू झाले. तिथे त्यांच्या हातून १९३४ ची पुढच्या चाकांवर चालणारी आणि भार पेलणाऱ्या बॉडीची ‘ट्राक्सियों आव्हां’, १९४८ ची शेतकऱ्यांची आवडती ‘दू शव्हो’ आणि १९५५ ची ‘डीएस’ या गाड्या घडल्या. डीएसची मागची चाके पुढच्यांपेक्षा एकमेकांना जवळ होती आणि तिचा आकार मागे निमुळता होता. तूरच्या मैदानावर १९२३ मध्ये धावलेल्या प्रयोगशाळेचीच ही खूण. जो आराखडा सिट्रोएन यांनी नाकारला त्यातून व्हाझँ कंपनी उभी राहिली आणि व्हाझँच्या शाळेत शिकलेल्या अभियंत्याने सिट्रोएनला तिच्या सर्वांत गाजलेल्या गाड्या दिल्या.

गाब्रिएल व्हाझँ यांनी म्हातारपणी दोन आत्मचरित्रे लिहिली. एकाच्या नावात दहा हजार पतंग आहेत, दुसऱ्याच्या नावात एक हजार एक मोटारी. २५ डिसेंबर १९७३ रोजी ओझने या गावी वयाच्या ९३ व्या वर्षी ते वारले. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथील जुन्या मोटारींच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत सर्वोत्कृष्ट गाडीचा मान १९३४ च्या ‘सी-२५ एरोडिन’ला मिळाला.